मंगा ‘खरी’ की ‘नकली’? आधी करार वाचा!

मागच्या अंकात आपल्याच एका मैत्रिणीने लिहिलं आहे की, अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या ज्या मुली इंग्रजीतून जपानी वळणाच्या चित्रकथा काढतात, त्या उसन्या मनाने जगणाऱ्या आहेत. बाजाराने पुढे केलेल्या नकलाकार आहेत. आणि स्त्री-चळवळीला त्यांची दखल घ्यायचीच असेल तर ती जागतिकीकरणाचं एक लक्षण म्हणून घ्यावी. लेखामागची तळमळ मला कळते. पण त्या लेखात मुलींच्या नक्कल करण्यावर तीन पानं आहेत, आणि त्या मुलींकडून कामाचे हक्क कोणी, कशा शब्दांत लिहून घेतले यावर एक ओळसुद्धा नाही. बाईने काय काढावं, कसं काढावं यावर मत द्यायला सगळे तयार. तिने काढलेलं कोणाच्या मालकीचं झालं, हे विचारायला मात्र कोणी पुढे येत नाही. म्हणून हे उत्तर.

मी १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षं न्यू जर्सीतल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात, किशोरवयीन मुलामुलींच्या विभागात काम केलं. पुस्तकं लावायची, फाटलेली चिकटवायची, उशिरा परत आलेल्यांचा दंड घ्यायचा. मंगेची लाट आली, उसळली आणि तिच्या पोटातून या मुली चित्रकार म्हणून बाहेर पडल्या, हे मी त्या टेबलामागून पाहिलं. मी चित्रकलेतली तज्ज्ञ नाही. पण कुठली पुस्तकं झिजून परत येत होती हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ज्या मैत्रिणींनी मंगा पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक लहान, हातात मावेलसं, आतली चित्रं बहुतेक काळ्यापांढऱ्या रेषांची, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. आपल्या ‘अमर चित्रकथे’त दोन पानांत राजाचा जन्म, लग्न आणि लढाई उरकते. मंगेत एक मुलगी जिना उतरताना थांबते आणि मागे वळून बघते, एवढ्याला तीन पानं लागतात. एक हात, रिकामी खोली, खिडकीवरचा पाऊस. मनात काय चाललंय ते चौकटींच्या मांडणीवरूनच कळतं. मुलींसाठीच्या मंगेला जपानीत शोजो म्हणतात, आणि शोजोला आजचं रूप दिलं ते बायकांनी. आधी जपानमधली मुलींची मासिकंही मुख्यतः पुरुष चित्रकारच भरत असत. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशी १९४९ च्या आसपास जन्मलेल्या तरुणींची पिढी पुढे आली आणि तिने चौकट मोडली. अक्षरशः मोडली; चित्रांच्या कडाच काढून टाकल्या. रियोको इकेदाने १९७२ मध्ये ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू केली. तिची नायिका ऑस्कर मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रान्सच्या राणीच्या रक्षकदलात अधिकारी होते, आणि शेवटी बास्तीयवर चालून जाणाऱ्या लोकांच्या बाजूने लढताना मरते.

आता अमेरिकेकडे या. तिथे चित्रकथा १९८० नंतर बहुतांशी खास चित्रकथांच्याच दुकानांतून विकल्या जात. आमच्या गावातही असं एक दुकान होतं. काचांवर हातभर कमरेच्या (हातभर नव्हे, मुठीएवढ्या!) नायिकांची भित्तिपत्रकं, आत गल्ल्याभोवती घोळका करून उभे असलेले बाप्ये, आणि एखादी मुलगी आत शिरलीच तर पहिला प्रश्न, ‘भावासाठी घेतेस का?’ या पुस्तकांच्या आत काय होतं? १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेने एक यादीच केली. महानायकांच्या कथांमध्ये कोणकोणत्या स्त्रियांना मारलं, लुळंपांगळं केलं, त्यांच्यावर बलात्कार दाखवले, आणि तेही बहुधा नायकाला चेव यावा एवढ्यासाठी. १९९४ च्या एका अंकात नायकाची मैत्रीण मारून शीतकपाटात कोंबलेली दाखवली होती. त्यावरूनच यादीला नाव पडलं.

तिथल्या बायका गप्प बसल्या होत्या असं नाही. १९७० मध्ये बर्कलीच्या एका स्त्रीमुक्तीवादी वृत्तपत्रातून अमेरिकेतला पहिला फक्त बायकांनी काढलेला चित्रकथांचा अंक जन्मला. ट्रिना रॉबिन्स त्यात होती. पुढे १९७२ ते १९९२ पर्यंत ‘विमेन्स कॉमिक्स’ चाललं, संपादन आळीपाळीने, जसं आपण या अंकाचं करतो. गर्भपात, समलिंगी प्रेम, घरकाम, काही सोडलं नाही त्यांनी. पण ते प्रौढ बायकांसाठी होतं आणि ठरावीक जागीच मिळायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती येईल असं त्या देशात फारच थोडं उरलं होतं.

ते आलं जपानमधून. १९९५ मध्ये ‘सेलर मून’ अमेरिकन दूरदर्शनवर दिसू लागलं. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला एक कंपनी निघाली, तिचं नाव पुढे टोकियोपॉप झालं. तिने ‘सेलर मून’ची मूळ चित्रकथा इंग्रजीत आणली. २००२ पासून त्यांनी पानं उलटी छापून डावीकडून वाचायला लावणं सोडून दिलं, जपानी पद्धतच ठेवली, किंमत दहा डॉलरच्या आत, आणि माल त्या बाप्यांच्या दुकानांपुरता न ठेवता साध्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत मांडला. तिथे कोणी विचारत नव्हतं की कोणासाठी घेतेस. मुली फरशीवर बसून पुस्तकाच्या चळती वाचायच्या. आमच्या वाचनालयातही तेच. पोर्तो रिकोच्या, फिलिपिनो, गुजराती, गोऱ्या, काळ्या, शाळा सुटल्यावर तिथेच पडलेल्या, कारण आई दुसऱ्या पाळीवर. आणि मग त्या काढू लागल्या. आमच्या जुन्या सूचीपत्रांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मी टेबलावर ठेवत असे, आठवड्याभरात संपायचे.

ज्याला आमची मैत्रीण ‘बाजाराने पुढे केलेली नक्कल’ म्हणते, त्याची सुरुवात ही अशी पाठकोऱ्या कागदावर झाली. बाजार मागून आला.

तो आला २००२ मध्ये. टोकियोपॉपने होतकरूंसाठी स्पर्धा सुरू केली आणि दोन-तीन वर्षांत इंग्रजीतच लिहिलेल्या, आशियाबाहेरच काढलेल्या मंगेची पुस्तकं एकापाठोपाठ येऊ लागली. लेखिका-चित्रकर्तींमध्ये तरुण मुली इतक्या मोठ्या संख्येने, असं अमेरिकन चित्रकथेने पूर्वी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त झिजलेलं पुस्तक होतं ‘ड्रामाकॉन’, २००५ ते २००७ या काळातले तीन भाग. स्वेतलाना श्माकोवा ही त्याची कर्ती, रशियात जन्मलेली, सोळाव्या वर्षी कॅनडात आलेली. कथेतली ख्रिस्ती ही शाळकरी लेखिका, तिचा मित्र डेरेक चित्रं काढतो, दोघं आपली चित्रकथा विकायला एका संमेलनात टेबल मांडतात. डेरेक सतत तिला खाली दाखवतो, दुसऱ्या मुलींमागे जातो, आणि एका रात्री दारूच्या नशेत तिच्यावर बळजबरी करू पाहतो. मैत्रिणींनो, हे बारा-चौदा वर्षांच्या मुलींसाठीचं हलकंफुलकं पुस्तक आहे, विनोदी चेहरे आहेत त्यात, घामाचे थेंब उडतात. त्यात ‘ओळखीच्याच मुलाने’ केलेला हल्ला आहे, आणि दोष कोणाचा याबद्दल काडीचाही संशय ठेवलेला नाही. दुसऱ्या भागात ख्रिस्ती नवी जोडीदार घेऊन येते, बेथनी नावाची मुलगी. बेथनीचा हात विलक्षण आहे, पण चित्रकथा काढून पोट भरणार नाही म्हणून तिच्या आईचा विरोध आहे. ती आईही कथेत खलनायिका केलेली नाही. हे प्रकरण वाचून एका मुलीने मला पुस्तक परत देताना विचारलं होतं, ‘हे माझ्या आईला वाचायला दिलं तर चालेल का?’ मी परतीची तारीख वाढवून दिली.

क्वीनी चॅन हाँगकाँगमध्ये जन्मली, सहाव्या वर्षी ऑस्ट्रेलियात गेली. तिच्या ‘द ड्रीमिंग’मध्ये रानाच्या कडेला मुलींची निवासी शाळा आहे आणि मुली त्या रानात नाहीशा होतात. जपानचा त्यात मागमूस नाही. भीती ऑस्ट्रेलियन रानाची आहे, बाहेरून येऊन वसलेल्यांना वाटणारी. ‘स्टेडी बीट’मध्ये टेक्सासच्या एका राजकारणी बाईच्या धाकट्या मुलीला मोठ्या बहिणीच्या सामानात प्रेमपत्र सापडतं, आणि ते लिहिणारी मुलगी असते. ही ‘उसनी मनं’ आहेत म्हणायची?

तर ‘हे खरं नव्हे’ असं कोण म्हणत होतं? सर्वांत आधी म्हणत होते ते जुने वाचक. जपानी मंगा गोळा करणारे, बहुतेक तरुण पुरुष, ज्यांना आपल्या संग्रहाच्या अस्सलपणाचा अभिमान. दुसरीकडे अमेरिकन चित्रकथेचे जाणकार, त्यांना हे सगळंच मोठ्या डोळ्यांचं पोरकट खूळ वाटे. एक म्हणे, तुम्ही जपानी नाही. दुसरा म्हणे, तुम्ही नीट अमेरिकन नाही. दोघांच्या मधे उभी कोण, तर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, जिचं पहिलं पुस्तक आलंय. सासरची म्हणते माहेरची, माहेरची म्हणते सासरची, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

अस्सलपणाची ही कसोटी जपानी कलावंतांनाही कोणी लावली नाही. आधुनिक मंगेचा पाया घालणारे ओसामु तेझुका डिस्नेच्या चित्रपटांनी भारलेले होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. इकेदाने फ्रेंच राज्यक्रांती काढली, हागिओने जर्मनीतलं मुलांचं वसतिगृह काढलं, ताकेमियाने फ्रान्समधलं. त्यांना कोणी ‘उसन्या मनाच्या’ म्हटलं नाही. म्हणावंही नाही. केशवसुतांनी इंग्रजीतला चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत आणला तेव्हा तो आपल्याकडे सुनीत होऊन राहिला. आणि ज्यांच्या वतीने हा राग काढला जातो त्या जपानचं म्हणणं काय? २००७ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयानेच परदेशी कलावंतांच्या मंगेसाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी गौरवलेल्या चौघांमध्ये ऑस्ट्रेलियाची मॅडलिन रोस्का होती, ‘हॉलो फील्ड्स’ या पुस्तकासाठी. नऊ वर्षांची एक मुलगी चुकून वेड्या शास्त्रज्ञांच्या शाळेत दाखल होते, अशी ती गोष्ट आहे. सरकारी पुरस्काराला मी फार किंमत देत नाही, त्यात परराष्ट्र खात्याचं स्वतःचं राजकारण असतंच. पण मूळ मालकाला हरकत नसेल तर राखणदाराने किती भुंकावं?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, आणि तो मागच्या लेखात नव्हता. अमेरिकेत राहणाऱ्या आशियाई वंशाच्या बायका तो घेतात. त्यांच्या आजीआजोबांना १९४२ मध्ये केवळ जपानी वंशाचे म्हणून छावण्यांत कोंडलं होतं. शाळेत त्यांच्या डोळ्यांवरून चिडवलं गेलं. आता त्याच देशातली गोरी मुलगी जपानी गणवेश काढते, चार जपानी शब्द पेरते, आणि ते ‘गोड’ ठरतं. हा राग खरा आहे. या लाटेत अशी पुस्तकं निघाली, टोकियोचा नकाशासुद्धा न बघता टोकियोत घडवलेली. ती वाईट आहेत आणि ती तशी म्हणावीत. पण त्या आक्षेपाचं उत्तर वरच्या चांगल्या पुस्तकांनीच दिलेलं आहे: पद्धत घेतली, आणि ती लावली आपल्या गावाला. शिवाय या कर्तींमध्ये स्वतः स्थलांतरित किंवा आशियाई वंशाच्या मुली किती होत्या, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांच्या गावीही नसतं.

तसंच मोठे डोळे आणि काडीसारखे पाय. होय, यावर बोललं पाहिजे. होय, शोजोमध्ये मुलीला भिंतीशी अडवून धरणारा, तिचं ‘नाही’ न ऐकणारा नायक भरपूर आहे आणि तो इंग्रजीतही आला. पण मग ‘ड्रामाकॉन’चं मोल अधिकच कळतं, कारण तिने तोच साचा घेऊन अडवून धरणाऱ्याचं खरं नाव सांगितलं. आपल्या मैत्रिणीने पुस्तकं वाचून टीका केली असती तर वाद घालायला मजा आली असती.

आता कराराकडे येते. कारण खरा अन्याय तिथे आहे आणि तो अस्सल-नक्कलच्या धुरळ्यात झाकला गेला.

टोकियोपॉपच्या त्या पुस्तकांची दुसरी पानं काढून बघा. हक्काच्या ओळीत कर्तीच्या नावाबरोबर कंपनीचं नाव आहे. म्हणजे मुलीने स्वतःच्या डोक्यातून काढलेली माणसं, तिचं गाव, तिची गोष्ट, यात कंपनी भागीदार. जपानी कथांच्या भाषांतरात कंपनी फक्त परवाना घेणारी होती. मूळ हक्क तिकडच्या कर्त्यांकडे आणि प्रकाशकांकडे. घरच्या मुलींच्या पुस्तकात मात्र ती मालकीणच झाली. धंद्याच्या दृष्टीने यात फायदा काय ते सांगायला नको.

२००८ मध्ये याच्या पुढची पायरी आली. नव्या मुलामुलींकडून छोट्या नमुना-कथा घेण्यासाठी कंपनीने एक करार काढला. तो लोकांसमोर आला तेव्हा अनेक जाणत्या चित्रकथाकारांनी त्याच्यावर झोड उठवली. करार गप्पा मारल्यासारख्या भाषेत लिहिलेला होता, मित्राने मित्राला सांगावं तसा. त्या लाडीक भाषेत एक कलम होतं नैतिक हक्कांचं. नैतिक हक्क म्हणजे काय? कृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड झाली तर अडवण्याचा हक्क. पैशाच्या हक्काहून हा वेगळा. करारात त्याची ओळख ‘फ्रेंचांनी काढलेलं एक भारदस्त प्रकरण’ अशा थट्टेच्या सुरात करून दिली होती, आणि त्याऐवजी आमच्या कराराच्या अटी माना, असं पुढे म्हटलं होतं. विशीच्या मुलीला समोर बसवून, पाठीवर हात ठेवून, ‘अगं, हे वकिली शब्द सोड, आपण एका घरातलेच ना!’ असं म्हणणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेला आहे.

त्यातली गोम अशी. अमेरिकेच्या कायद्यात लेखिकेचे नैतिक हक्क जवळजवळ नाहीतच. १९९० मध्ये जो कायदा झाला तो एकेकट्या चित्राला, शिल्पाला, किंवा सही-क्रमांक घातलेल्या जास्तीत जास्त दोनशे प्रतींना लागू होतो. छापील पुस्तकाला, मासिकाला नाही. कॅनडात हे हक्क आहेत, पण सही करून सोडून देता येतात. म्हणजे अमेरिकन मुलीकडे राखण्यासारखं काही फारसं नव्हतं, आणि सीमेपलीकडच्या मुलीकडे जे होतं ते तिच्याच हाताने सोडवून घ्यायचं.

हे मुलींपासून सुरू झालं असं मात्र समजू नये. सुपरमॅनच्या दोन तरुण कर्त्यांनी १९३८ मध्ये तो १३० डॉलरला विकला. त्यांची नावं पुन्हा त्या कथांवर यायला आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळायला १९७५ उजाडावं लागलं, तेही मोठी बोंबाबोंब झाली म्हणून. सगळं जग हा किस्सा जाणतं. तरी सत्तर वर्षांनी मुली दारात आल्या तेव्हा त्यांच्यापुढे जवळपास तसलाच कागद सरकवला गेला. फरक इतकाच की, त्या मुलांबद्दल पुढे सगळ्या चित्रकथाविश्वाला हळहळ वाटली; या मुलींच्या वेळी त्याच विश्वातले पुष्कळ जण त्यांची मंगा खरी की खोटी यावर हुज्जत घालत होते. जिचं कामच ‘नकली’ ठरवलंय, तिच्या हक्कासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

एक उपकथा सांगून टाकते. मुली पुस्तकं विकत घेतात हे पाहून डीसी या जुन्या बड्या कंपनीनेही २००७ मध्ये मुलींसाठी वेगळी मालिका काढली. नाव काय ठेवलं? मिंक्स. इंग्रजीत याचा अर्थ चवचाल, नखरेल पोरगी. लिहिणारे-काढणारे बहुतेक पुरुष. पुढच्याच वर्षी गुंडाळली.

मग पडझड. २००८ मध्ये टोकियोपॉपने नोकरकपात केली, बरीच पुस्तकं अडकली. फेब्रुवारी २०११ मध्ये बॉर्डर्स ही पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत निघाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोकियोपॉपने अमेरिकेतलं प्रकाशन बंद केलं (काही वर्षांनी ती कंपनी पुन्हा उभी राहिली). कंपनी बंद झाली म्हणजे कर्तीला तिची गोष्ट परत मिळते, असं आपल्या मनाला वाटतं. तसं होत नाही. कागदावर भागीदार असलेला भागीदार दुकान बंद करूनही भागीदारच राहतो. जेन ली क्विकच्या ‘ऑफ बीट’चे दोन भाग २००५-०६ मध्ये आले होते. तिसरा भाग, जिथे गोष्ट संपणार होती, तो त्या कंपनीकडून आलाच नाही. आमच्या वाचनालयात मुली वर्षानुवर्षं विचारत राहिल्या. ज्या विचारायच्या त्या कॉलेजात गेल्या, एकीचं लग्न झालं.

तो तिसरा भाग शेवटी निघाला, आणि कोणी काढला ते ऐका. टोकियोपॉपच्या माजी संपादक बायकांनी इतर मैत्रिणींबरोबर २०१३ मध्ये क्रोमॅटिक प्रेस नावाचं छोटंसं प्रकाशन सुरू केलं होतं, स्त्रियांच्या नजरेतून सांगितलेल्या गोष्टींसाठी. त्यांनी ‘ऑफ बीट’ पुन्हा छापली आणि पूर्ण केली. इंग्लंडमध्ये तर हा धडा आधीच गिरवला गेला होता. २००१ पासून तिथे स्वेटड्रॉप नावाचा मंगाकारांचा गट आहे, त्यात बायका बऱ्याच. आपलं आपण छापायचं, संमेलनात टेबल लावून आपणच विकायचं. २००७ मध्ये सेल्फमेडहीरो या प्रकाशनाने शेक्सपियरची नाटकं मंगेच्या रूपात काढायला घेतली तेव्हा पहिल्या दोन पुस्तकांची चित्रं या गटातल्याच दोघींनी काढली. सोनिया लिओंगने ‘रोमिओ-ज्युलिएट’, एमा व्हिएसेलीने ‘हॅम्लेट’. जपानमध्येही हौशी लेखक-चित्रकारांचा सगळ्यात मोठा बाजार १९७५ मध्ये भरू लागला, आणि पहिल्या वर्षी तिथे गर्दी होती ती मुख्यतः शाळाकॉलेजातल्या मुलींची. म्हणजे मंगेच्या नावाखाली या पोरींनी जपानकडून मोठे डोळे तेवढे घेतले असं नाही. स्वतः छापून स्वतः विकण्याची ही रीतही तिकडे आधीपासून होती. आपल्या मैत्रिणीच्या नजरेला डोळे दिसले, टेबलं दिसली नाहीत.

त्या लेखात शेवटी एक सल्लाही आहे: मुलींनी आपल्या मातीतली कला घ्यावी, उदाहरणार्थ वारली. जरूर घ्यावी. पण वारली कोणाची, हेही एकदा सांगू या. लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचं काम सवाशिणींचं होतं. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, शहरात आली, परदेशी गेली, आणि जगाला नाव माहीत झालं ते जिव्या सोमा मशे या पुरुषाचं. त्यांची कला थोर होती, पद्मश्रीचा मान त्यांना रास्तच मिळाला. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का? मातीतली कला म्हटल्याने बाईच्या हक्काचा प्रश्न सुटत नाही. तो उलट मातीतच जातो.

आपल्या देशात निदान कायदा तरी बऱ्या बाजूचा आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. कृतीचे हक्क विकले तरी आपलं नाव सांगण्याचा आणि मोडतोडीला हरकत घेण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. ते कलम खणखणीत वाजवून घेतलं एका बाईने. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवर १९८६ मध्ये सिनेमा निघाला. हक्क त्यांनी रीतसर दिले होते, पण गोष्ट मोडून टाकली म्हणून त्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क विकण्याचा करारसुद्धा कलम ५७ च्या अधीन राहूनच वाचला पाहिजे. घटस्फोटित आईबापांच्या मधे सापडलेल्या मुलाची गोष्ट लिहिणाऱ्या बाईने हे मिळवलं, याची आपल्या अभ्यासवर्गांत एकदाही चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

आणि आपल्या चळवळीचं काय? एका संस्थेच्या आरोग्य-पुस्तिकेची सगळी चित्रं वस्तीतल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने काढली होती. पाळीची, बाळंतपणाची, फार देखणी, रेषेत जीव असलेली. पुस्तिका छापून आली. मलपृष्ठावर देणगीदारांचं नाव, मुद्रकाचं नाव, संस्थेचा पत्ता. चित्रकर्तीचं नाव कुठेच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं की, हे सामूहिक काम आहे, यात व्यक्तीला महत्त्व द्यायचं नसतं. सामूहिक! मग अध्यक्षांचं मनोगत पहिल्या पानावर सहीनिशी कसं? पुढे तीच चित्रं दुसऱ्या तीन पुस्तिकांत आली, एका कॅलेंडरवर आली, एकावर तर बाईच्या अंगावर पदर चढवून आली. त्या मुलीला दर वेळी बाहेरून कळलं. तिने आता चित्रं काढणं सोडलंय, शिवणकाम करते.

टोकियोपॉपच्या ‘आपण एका घरातले’ या सुराला हसणं सोपं आहे. आमच्या ‘सामूहिक’ या शब्दाने त्या मुलीचं जे झालं ते त्याहून फार वेगळं होतं असं मला कोणी पटवून द्यावं.

म्हणून माझी संपादक मंडळाकडे उघड मागणी आहे. या अंकापासून मुखपृष्ठ आणि आतली चित्रं काढणाऱ्या प्रत्येकीचं नाव, तिने नको म्हटलं नसेल तर, लेखिकांच्या यादीत यावं, कोपऱ्यात बारीक अक्षरात नव्हे. चित्र पुन्हा वापरायचं झालं तर तिला आधी कळवावं आणि मानधन द्यावं. आणि येत्या शिबिरात अर्धा दिवस करार वाचायला ठेवावा. ज्या मैत्रिणींनी पुस्तक, गाणं, मालिकेचे संवाद, पोस्टर, काहीही कोणाला लिहून दिलं असेल, त्यांनी तो कागद घेऊन यावं. नावं झाकून आणला तरी चालेल. ज्यांच्याकडे कागदच नाही, नुसतं तोंडी ठरलं होतं, त्यांनी तर नक्की यावं.